वन्नासाला होऊन गेलं होतं

खोटं बोलून मला आता काही मिळायचं नाही, म्हणून सरळच सांगते. वन्नासा माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, खमैसची बायको. ती मला कधीच आवडली नाही. चांगली होती म्हणून आवडली नाही, असं म्हणा हवं तर. टोमॅटोच्या रानात माझे दोन क्रेट भरेपर्यंत तिचे तीन व्हायचे, आणि वर येऊन माझ्या क्रेटात दोन ओंजळी टाकून जायची. मुकादमाच्या देखत. अशा माणसाचा राग नाही येणार तर कुणाचा येणार?

ती पहिल्यांदा आजारी पडली ती आदल्या वर्षी, जैतून उतरवायच्या दिवसांत. तीन दिवस ताप, हातपाय मोडून आलेले, नाकाला वास नाही. बस, एवढंच. पण गावात ती पहिली. सासूनं, मन्नूबियानं, तिला उचलून मेंढरांच्या कोठ्यात टाकलं. मी भाकरी नेऊन उंबऱ्यावर ठेवायची आणि लांबूनच "घे गं" म्हणून पळायची. तिच्या मुलीला, नूरहानला, बायकांनी नळावर उभं राहू दिलं नाही. खमैस आम्हां बायकांना गाडीतून कामावर नेतो, तर त्याच्या गाडीत महिनाभर कुणी चढेना. एकवीस दिवस वन्नासा मेंढरांत झोपली. बाहेर आली तेव्हा अंगाला लेंड्यांचा वास मारत होता, आणि तो गावात तिला एकटीलाच येत नव्हता. आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले.

वसंतात गावात आजार जरा जोर धरून आला तेव्हा त्याच बायकांना ती आठवली. मयत बायकांना आंघोळ घालणारी म्हातारी हनिया स्वतःच गेली. आता हनियाला कोण आंघोळ घालणार? कुणी पुढं होईना. तेव्हा सासू म्हणाली, "आमची वन्नासा आहे की. तिला होऊन गेलंय."

आमच्या म्हाताऱ्यांकडे देवीच्या साथीपासूनची रीत आहे. ज्याच्या तोंडावर वण, त्यालाच आजाऱ्यापाशी बसवायचं. ज्यानं आपला वाटा खाल्ला, त्याच्या ताटात तोच घास परत पडत नाही, असं म्हणतात. वन्नासाच्या तोंडावर वण नव्हता, पण तिचं मेंढरांत झोपणं सगळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं पुरलं. तेव्हापासून जिथं खोकला तिथं वन्नासा. कुणाची म्हातारी कुशीवर वळवायची, कुणाचं अंथरूण धुवायचं, कुणाला शेवटचं पाणी घालायचं. सहा महिन्यांपूर्वी जिच्या सावलीला थुंकत होत्या तिला आता "ये गं बाई, तुझ्याशिवाय कोण आहे" म्हणायच्या. ती जायची. रोजगार बुडवून जायची, आणि खमैस घरी आल्यावर शिव्या घालायचा.

मग उन्हाळा आला. असा उन्हाळा मी पाहिला नव्हता. दक्षिणेचा शहिली वारा दहा दिवस थांबला नाही. निवडुंगाच्या कुंपणावरची बोंडं पिकायच्या आधीच सुकली. पहाटे चारला खमैसच्या गाडीत आम्ही बावीस बायका उभ्या राहून जायचो. धरायला एकमेकींचे खांदे सोडून काही नाही. वळणावर सगळ्या एका अंगाला कलायच्या, एकीच्या तोंडातला श्वास दुसरीच्या तोंडात.

त्या गाडीत एक दिवस सादिया खोकली. पाचव्या दिवशी सादिया मेली. अडतीस वर्षांची बाई, अंगानं म्हैस. तिला आंघोळ घालून वन्नासा घरी आली आणि अंगणात झग्याचा ओला काठ पिळत मला म्हणाली, "मब्रूका, हे तेच नाही."

"कशावरून गं?"

"सादियाला मागच्या वर्षी झालं होतं. माझ्यामागून महिनाभरानं. मीच तिला लिंबं नेऊन दिली होती. चौथ्या दिवशी छपरावर चढून मिरच्या वाळत घालत होती ती. आणि आत्ता तिची नखं बघायला हवी होतीस. शाईत बुडवल्यासारखी. तेच असतं तर तिच्या अंगानं ओळखलं असतं की त्याला."

सासू ताबूनात भाकरी थापत होती. भट्टीतून डोकं न काढताच म्हणाली, "बघा, डॉक्टरीण! दोन मुडदे धुतले तर अक्कल फुटली."

"रेडिओवरही सांगतायत, लल्ला," वन्नासा म्हणाली. सासूला आम्ही दोघी लल्लाच म्हणतो. "हा नवा आहे म्हणे. हिंदुस्तानी म्हणतात त्याला."

"हिंदुस्तानी असो नाहीतर फ्रान्सचा. मेंढीची लोकर कातरली म्हणून तिची बकरी होते का? सादियाला वाऱ्यानं खाल्लं. तू तोंड आवर आणि पीठ आण."

वन्नासानं पीठ आणलं. पण त्या दिवसापासून ती घाबरली. चेहऱ्यावर दाखवायची नाही, पण कुणाचं बोलावणं आलं की उठायला वेळ लावायची. मला एकदा रानात पाण्याच्या डब्याशी गाठून म्हणाली, "मला मरायचं नाही गं. बाकी काही नाही, पण नूरहान बारा वर्षांची आहे. ह्या माणसाच्या हातात तिला टाकून मी कशी जाऊ?" ह्या माणसाच्या म्हणजे खमैसच्या. मी म्हटलं, "अगं, काय अभद्र बोलतेस. तुला होऊन गेलंय." मलाही तेव्हा तेच खरं वाटत होतं. निदान निम्मं.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं वसंतातच तिचं नाव लसीसाठी घातलं होतं. ही बाई मयताला हात लावते, हिला आधी द्या, म्हणून. मंगळवारी वन्नासाच्या फोनवर निरोप आला. आम्हांला दोघींनाही वाचता येत नाही. नूरहाननं वाचला: गुरुवार, सकाळी दहा, तालुक्याचं युवाभवन, ओळखपत्र सोबत आणावं. वन्नासानं तिच्याकडून तो तीनदा वाचून घेतला. मग फोन पुसून छातीशी झग्यात ठेवला. त्या रात्री कुसकुस तिनं केलं, आणि मीठ टाकायला विसरली. कधी नव्हे ती गुणगुणत होती.

बुधवारी दुपारी सासरे पडले. बाबा अम्मार, सत्तरी उलटलेले. नमाजाला उठले ते भिंत धरून खालीच बसले. संध्याकाळपर्यंत छातीचा भाता जोरजोरात चालायला लागला. खमैस गाडी घेऊन कैरवानला गेला आणि कुठूनसा प्राणवायूचं नळकांडं घेऊन आला. कुठून आणलं, कुणाच्या दारातून, ते आम्ही विचारलं नाही. एकच मिळालं होतं.

बाबांना आतल्या खोलीत निजवलं. सासूनं दाराबाहेरूनच फर्मान काढलं. "वन्नासा, आत जा. त्यांना पालथं घालायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. तुला माहीत आहे सगळं."

"जाते, लल्ला. रात्रभर बसते. सकाळी आठला मात्र मला निघायला हवं. दुपारच्या आत परत येते. तेवढा वेळ मब्रूका बसेल."

"मी?" माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "मला कुठं झालंय अजून? मला चार पोरं आहेत! माझा नवरा कामाला सफाक्सला. मला काही झालं तर पोरांना काय निवडुंगाला बांधू?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं आहे. मग असं करू. सुई वाया कशाला घालवायची? हिला होऊन गेलंय, हिच्यात ती ओतून काय उपयोग? उद्या मब्रूका जाईल."

"निरोप माझ्या नावाचा आहे," वन्नासा म्हणाली.

"मग नावच घेऊन जाईल ती."

खमैस दारात उभा राहून सिगारेट ओढत होता. हसला. "मास्क आणि डोक्यावर रुमाल. सगळ्या बायका एकसारख्याच दिसतात. कोण बघतंय?" घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं त्याच्याच पाकिटात असायची. त्यानं वन्नासाचं काढलं आणि माझ्या पुढ्यात चटईवर टाकलं.

वन्नासा त्याच्याशी बोलली नाही. सासूशीही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मब्रूका, तू नको म्हण. तू नको म्हणालीस तर ह्यांना जमायचं नाही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

खरंच मागितलं नव्हतं. मी चहाच्या किटलीकडे बघत होते. पुदिना उतू चालला होता. "लल्ला म्हणतायत तर मी काय बोलू," मी म्हणाले, आणि कार्ड उचललं.

ती उठली, पदरासारखा रुमाल तोंडावर बांधला आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

युवाभवनात चार तास उन्हात उभी राहिले. ढकलाढकली, शिव्या, एक बाई चक्कर येऊन पडली तर तिच्या जागेवर तिघी घुसल्या. टेबलामागच्या पोरानं कार्ड पाहिलं, मला पाहिलंच नाही. "वन्नासा?"

"हो."

"आधी झाला होता का आजार?"

मी घाबरले. वाटलं, त्याच्याकडे सगळं लिहिलेलं असेल. म्हणून म्हणाले, "हो. जैतुनाच्या दिवसांत."

"मग एकच सुई पुरे. परत यायला नको." त्यानं काहीतरी टिपलं. म्हणजे बघा, चोरीच केली, तीही अर्धी. दंडात सुई गेली तेव्हा मला मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. परतताना खमैसनं मला थंड लिंबूसरबत पाजलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, दिरानं मला पहिल्यांदा काही पाजलं.

घरी आले तर आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. वन्नासानं आतून विचारलं, "दुखतोय का गं दंड? तेल चोळ." टोमणा असता तर मी झेलला असता. तो टोमणा नव्हता. मी पोरांना मारत सुटले.

सहा दिवस ती त्या खोलीत होती. वर पत्रा, बाहेर शहिली. आत काय उकडत असेल ते त्या दोघांनाच माहीत. बाबा अम्मार वजनदार गडी, त्यांना एकटीनं पालथं घालायचं, खालचं काढायचं, तोंडात चमच्यानं पाणी सोडायचं. घुसमटले की ते हातपाय झाडायचे, तिच्या तोंडावरचा रुमाल ओढून काढायचे, तोंडावर खोकायचे. ती हगल्यामुतल्याच्या बादल्या दाराबाहेर ठेवायची आणि त्या मी काठीनं ओढून न्यायची. रुमालाखाली मास्क एकच होता, बुधवारपासूनचा. मी दुसरा आणून दिला नाही. सुचलं नाही म्हणा, नाहीतर मनात आलं नाही म्हणा.

सातव्या दिवशी बाबांनी चहा मागितला. दोन चमचे साखर घालून. सासूनं टाळ्या वाजवून अल्लाचे आभार मानले, शेजारी गोड वाटलं. सगळे आत डोकावून "बरं वाटतंय ना, बाबा" म्हणाले. वन्नासा उंबऱ्यावर बसली होती. बादली उचलायला गेली ती बादलीसकट खाली बसली.

"थकलीय," सासू म्हणाली. "झोपू दे जरा."

"लल्ला, अंग बघा तिचं," मी म्हणाले. "चटका बसतोय."

"उन्हाचा असेल."

तिला परत मेंढरांच्या कोठ्यातच नेलं. ईदसाठी घेतलेला मेंढा तिथून काढून अंगणात बांधला. नूरहान आईपाशी जाऊन बसली, मारलं तरी उठेना. दोन दिवसांनी तिलाही ताप भरला, पण पोरीचा ताप चढला तसा उतरला. आईचा उतरेना. चौथ्या दिवशी सकाळी मी दारातून बघितलं तर वन्नासा आपला हात डोळ्यांसमोर धरून नखं बघत होती. मला म्हणाली, "सादियासारखी." बोलताना एकेका शब्दाला थांबत होती.

मी सासूकडे गेले. हे मी केलं, एवढं तरी माझ्या पदरात टाका. म्हटलं, "लल्ला, बाबांना आता बरं आहे. चहा पितात, बोलतात. नळकांडं थोडा वेळ तिकडे नेऊ या."

सासू नळकांड्याला पाठ लावून बसली होती. "आणि परत ह्यांचा श्वास लागला तर? नवरा माझा आहे. तिला काय, तिला एकदा होऊन गेलंय. सोसेल ती."

बाबा अम्मार जागे होते. नाकात नळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. सहा दिवस जिनं त्यांची घाण काढली तिच्यासाठी म्हाताऱ्यानं पापणी हलवली नाही. थू!

शेवटी खमैसनं अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या पोरीनं कार्डाचा नंबर मागितला. फोनचा आवाज मोठा होता, मी तिथंच उभी होते. ती म्हणाली, "ह्यांनी नऊ दिवसांपूर्वी लस घेतलीय. त्याआधी आजारही होऊन गेलाय. अशा माणसाला घरीच ठेवा, भाऊ. इथं व्हरांड्यात खुर्च्यांवर माणसं आहेत, ज्यांना काहीच झालं नव्हतं अशी. आधी ती."

खमैसनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं: ती लस तिला नाही, मला दिलीय. मी बोलले असते तर गाडी आली असती की नाही, देव जाणे. कदाचित नसतीच आली. पण मी त्यासाठी गप्प बसले नाही. पोलीस येतील, कार्ड विचारतील, याची मला भीती वाटली. बस.

खमैस म्हणाला, "बरं, ताई," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या बांगेच्या थोडं आधी वन्नासा गेली. नूरहान बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, उम्मी पाणी गिळत नाही." म्हणून आम्हांला कळलं.

त्या उन्हात मयत ठेवता येत नाही. शेखसाहेब आले, कुंपणाबाहेरच उभे राहिले. म्हणाले, आंघोळ लवकर घाला. आता घालणार कोण? गावात आंघोळ घालणारी तीच होती. ज्यांच्या ज्यांच्या आयाबहिणींना तिनं धुतलं होतं त्या सगळ्या कुंपणापलीकडे उभ्या होत्या, रुमालाचं टोक तोंडावर धरून. सादियाची बहीण होती, हनियाची सून होती. एकीनंही पाऊल आत टाकलं नाही. सासू म्हणाली, "माझे गुडघे वाकत नाहीत."

शेखसाहेब म्हणाले, "नवऱ्याला चालतं. धर्मानं मुभा आहे."

खमैस दोन पावलं मागं सरकला. "मला झालेलं नाही अजून."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला एकच सुई मिळालीय," मी म्हटलं. कुणाच्या नावाची, ते म्हटलं नाही.

शेखसाहेबांनी घसा साफ केला. "घरात कुणाला होऊन गेलंय का?"

नूरहान कोठ्याच्या दारात बसली होती. चार दिवस केस विंचरले नव्हते. कुणी तिचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. तिनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि उठून बादली घेतली.

मी खिडकीबाहेर उभी राहून तिला सांगत होते. खिडकीला गज होते, पडदा नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

"बिस्मिल्ला म्हण. आधी उजवी बाजू. बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं कापड काढायचं नाही, त्याच्याखालून हात घाल."

"घातला."

"आता डावी. पाणी कोमट आहे ना?"

"हो." मग थोड्या वेळानं, "काकू, डोळे उघडे आहेत."

"मिट मग."

"मिटत नाहीत."

"कपाळावरून हात खाली आण. हलका. दाबून धर जरा." अंगणात मेंढा ओरडत होता, त्याला सकाळपासून कुणी पाणी दाखवलं नव्हतं. "मिटले?"

"एक मिटला."

"बरं. आता केस धू. तीन वेण्या घाल आणि मागं सोड."

आतून काही आवाज आला नाही. मला वाटलं पोरगी पडली. "नूरहान!"

"मला वेणी घालता येत नाही," ती म्हणाली. "माझी वेणी उम्मीच घालायची."

मला आत जायला हवं होतं. चार पावलं होती. वेणी घालायला किती वेळ लागतो? मी भिंतीचा पोपडा नखानं काढत उभी राहिले. "मग तसेच राहू दे," म्हणाले. "शेवटच्या पाण्यात कापूर टाक."

तिला पुरून माणसं परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नूरहान नळाशी उकिडवी बसून कोपरापर्यंत साबण लावत होती. लावायची, धुवायची, परत लावायची. तेवढ्यात वरच्या वाडीचा नौफल मोटारसायकलवरून आला. कुंपणाशी थांबला, खाली उतरला नाही. खमैसला म्हणाला, "अल्ला तुम्हांला धीर देवो. वाईट झालं." मग चुळबुळत राहिला. "आमच्याकडेही सकाळी मयत झालंय. कुणी हात लावेना. म्हणजे, तुमच्या पोरीला होऊन गेलंय म्हणे…"

खमैस काही बोलायच्या आधी नूरहाननं नळ बंद केला. हात झग्याला पुसले. नौफलला विचारलं, "बाई की पुरुष?"

"बाई. माझी आजी."

"पुरुषांना मी घालत नाही," ती म्हणाली. अगदी तिच्या आईसारखी म्हणाली. बादली पालथी करून झटकली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं जाऊन बसली. मला सुई टोचून दहा दिवस झाले होते. मी तिथंच उभी राहिले.